खेळातले खाते, घरातली ठेव : प्रस्तावना

ऑनलाइन खेळाचे खाते म्हणजे खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकावर एका खेळाडूच्या नावे ठेवलेली नोंद होय. खेळाडूचा ओळखक्रमांक, त्याने गाठलेली श्रेणी, जिंकलेले किंवा विकत घेतलेले पोशाख, ज्याला खेळाडू ‘स्किन’ म्हणतात ते शस्त्रांचे रंगरूप, मित्रांची यादी आणि शिल्लक राहिलेल्या आभासी चलनाचा हिशेब हे सारे त्या नोंदीत असते. हे चलन बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या खेळात ‘यूसी’ आणि फ्री फायर मॅक्स या खेळात ‘डायमंड’ या नावाने ओळखले जाते, आणि ते मुख्यतः खरे रुपये मोजून विकत घ्यावे लागते. खेळणारी मुले या सगळ्याला मिळून ‘आयडी’ म्हणतात. आयडी हातची गेली की काय गेले, हे मुलाच्या मित्रांना तत्काळ उमगते. घरातील वडीलधाऱ्यांना, तक्रार लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि पुष्कळदा वकिलालाही ते नुकसान वाटत नाही. प्रस्तुत पुस्तकाची भूमिका अशी आहे की, या खात्यांची लूट फोफावण्यामागे तंत्रज्ञानातील उणिवांपेक्षा या समजाचा वाटा मोठा आहे. कारण जी वस्तू वस्तू म्हणून कोणी मानत नाही तिच्या चोरीची तक्रार होत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणून चोराला पुढचे गिऱ्हाईक निर्धास्तपणे गाठता येते.

विवेचनासाठी उज्जैन शहर निवडण्यास कारण आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांच्या अमलापासून हे शहर शिंदेशाहीचे मुख्य ठाणे होते. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाल मंदिराची पुनर्बांधणी केली, दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी मराठी घराणी मागे राहिली आणि बायजाबाई शिंदे यांनी बांधवलेले गोपाळ मंदिर आजही शहराच्या जुन्या बाजारपेठेच्या मध्यभागी उभे आहे. या घरांतील आजच्या मुलाचे भाषिक जीवन तीन ठिकाणी विभागलेले असते. खेळाच्या अटी त्याच्यापुढे इंग्रजीत येतात, खेळता खेळता कानाशी बोलणारा अनोळखी सवंगडी हिंदीत बोलतो, आणि झाला प्रकार आजी-आजोबांना किंवा आईवडिलांना सांगायचा तो मराठीत. फसवणुकीची सारी शब्दसंपत्ती त्याला पहिल्या दोन भाषांत मिळालेली असते. जेथे मदत मिळायची त्या भाषेत मात्र ती नसते. या विषयावर मराठीत सविस्तर लिहिण्याची गरज त्यातून निर्माण होते, आणि ती उज्जैनइतकीच इंदूर, देवास किंवा ग्वाल्हेर येथील घरांनाही लागू पडते.

अशा घरात खेळाचे खाते क्वचितच एकट्या मुलाचे असते. फोन आईचा, त्यातील गूगल खाते वडिलांचे, सिमकार्ड आजोबांच्या नावावरचे आणि पैसे भरण्यासाठी जोडलेले यूपीआय घरखर्चाच्या बँकखात्याचे, अशी गुंतागुंत सर्रास आढळते. बहुतेक मोबाइल खेळांत स्वतंत्र पासवर्ड नसतो. गूगल, फेसबुक किंवा एक्स यांपैकी एखाद्या खात्याद्वारे प्रवेश मिळतो आणि खेळाचे खाते त्या मूळ खात्याला ‘बांधलेले’ असते. म्हणून खेळाची किल्ली ज्याच्या हाती पडते, त्याच्या हाती बहुधा वडिलांची टपालपेटी, घरातील छायाचित्रे आणि इतर अनेक सेवांचे पासवर्ड बदलण्याची सोयही पडते. चोराला कधी खेळातील पोशाख हवे असतात, तर कधी खेळ हे केवळ निमित्त असते.

गेल्या काही वर्षांतील सरकारी बंदीहुकमांनी या प्रश्नाला वेगळे वळण दिले. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने त्याच्या जागी बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया आणला आणि पबजीच्या जुन्या खात्यातील ऐवज नव्या खात्यात हलवण्यासाठी मुदत दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, परंतु त्याच खात्यावर चालणारा फ्री फायर मॅक्स चालू राहिला. जुलै २०२२ मध्ये बॅटलग्राउंड्सही ॲपच्या अधिकृत दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. या निर्णयांमागील राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. त्यांचा घरगुती परिणाम मात्र नोंदवला पाहिजे. अधिकृत दुकानात खेळ मिळेनासा झाला की मुले तो इतर ठिकाणांहून ‘एपीके’ या स्थापना-फाईलच्या रूपात मिळवू लागतात, आणि अशा फाईलमध्ये कोणी काय मिसळले आहे हे पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते. शिवाय ‘बंद झालेला खेळ खेळतो’ हीच गोष्ट लपवावी लागत असल्याने त्या खेळात झालेली फसवणूकही लपवली जाते. मोठ्यांना बंदी लागू झाली एवढेच दिसते. ती लागू झाल्यावर मुलाने तोंड मिटले, हे दिसत नाही.

फसवणुकीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या पद्धतीकडे जरा जवळून पाहावे. फ्री फायरची कंपनी अधूनमधून अक्षरे व अंक मिळून बारा किंवा सोळा चिन्हांचे ‘रिडीम कोड’ प्रसिद्ध करते, आणि ते कंपनीच्या पानावर भरले असता खेळाडूला एखादा पोशाख किंवा डायमंड मिळतात. ही खरी प्रथा असल्यामुळे तिची नक्कल विश्वसनीय ठरते. व्हॉट्सॲपच्या गटात एक दुवा येतो. उघडताच तेच रंग, तेच बोधचिन्ह, उलट मोजणारे घड्याळ आणि ‘फक्त काही मिनिटे शिल्लक’ अशी सूचना दिसते. खेळाडूने आपला क्रमांक भरला की पान त्याला फेसबुकद्वारे प्रवेश करण्यास सांगते. पुढे येणारी निळी खिडकी फेसबुकची नसून त्याच पानात रंगवलेली असते, आणि तीत टाकलेला पासवर्ड थेट ठगाकडे जातो. पडद्यावर ‘बक्षीस २४ तासांत मिळेल’ असा संदेश उमटतो. मुलगा निश्चिंतपणे झोपतो, आणि तेवढ्या वेळात खात्याचा ईमेल, फोन क्रमांक आणि पासवर्ड बदललेले असतात.

या प्रकारात सुरक्षिततेची रेषा नेमकी कोठे आहे, हे पालकांना आणि मुलांना दोघांनाही नीट सांगितले जात नाही. खेळाडूचा अंकी ओळखक्रमांक गुप्त नसतो. तो सामन्यात सर्वांना दिसतो, आणि अधिकृत ‘टॉप-अप’, म्हणजे चलन भरण्याची क्रिया, केवळ त्या क्रमांकावर होऊ शकते. त्या क्रमांकाने खात्यात काही टाकता येते, काढता येत नाही. धोका सुरू होतो तो पासवर्ड, ओटीपी किंवा फोनमधील विशेष परवानगी मागितली जाते तेथे. काहीतरी देण्यासाठी ज्याला आत यावे लागते, तो देणारा नव्हे, एवढे एक सूत्र दहा वर्षांच्या मुलालाही समजते. ‘इंटरनेटवर कोणावर विश्वास ठेवू नकोस’ हा उपदेश मात्र कोणालाच पाळता येत नाही, कारण खेळ हा मुळातच अनोळखी सवंगड्यांवर विश्वास ठेवून खेळला जातो.

दुसरी पद्धत आयडीच्या खरेदी-विक्रीची. दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की मुले खाती विकायला काढतात आणि धाकटी मुले ती घेऊ पाहतात. विक्रेता पैसे मिळाल्यावर फेसबुकचा पासवर्ड देतो, परंतु ते फेसबुक खाते ज्या ईमेलवर उघडले होते तो आपल्यापाशीच ठेवतो. आठवडाभराने ‘पासवर्ड विसरलो’ ही सोय वापरून तो खाते परत घेतो आणि दुसऱ्याला विकतो. खरेदीदारही कमी नसतो : पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट पाठवून खाते पदरात पाडून घेणे ही त्याची रीत. दोघांच्या मध्ये ‘मध्यस्थ’ म्हणून उभा राहणारा गटचालक पुष्कळदा त्यांपैकी एकाचाच साथीदार असतो. या व्यवहाराची तक्रार जवळपास कोठेच पोहोचत नाही, कारण खाते हस्तांतरित करण्यास कंपन्यांच्या अटींनुसार मनाई आहे आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्रच नाही. नियम मोडून केलेल्या व्यवहारात फसलेल्या मुलाला आपणच दोषी आहोत असे वाटते, आणि ठग नेमक्या त्याच भावनेवर विसंबून असतो.

उज्जयिनीतच घडणाऱ्या ‘मृच्छकटिक’ या शूद्रकाच्या संस्कृत नाटकात, जे गोविंद बल्लाळ देवल यांनी संगीत रूपात मराठी रंगभूमीवर आणले, ठेवीच्या चोरीचा एक प्रसंग आहे आणि तो या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावा असा आहे. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले दागिने चारुदत्ताच्या घरी असतात. शर्विलक नावाचा चोर शास्त्रोक्त पद्धतीने भिंतीला भोक पाडतो, मापाची दोरी विसरल्यामुळे जानव्याने माप घेतो, आणि आत येतो. परंतु दागिन्यांची पेटी त्याला शोधावी लागत नाही. झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय त्याला चारुदत्त समजून स्वतःच्या हाताने ती त्याच्या हवाली करतो. भिंत फुटणे ही घटनेची पूर्वतयारी होय. ठेव गेली ती ओळख पटवण्यात झालेल्या चुकीने. आजच्या खेळखात्यांच्या बहुसंख्य चोऱ्यांत तर भिंत फोडण्याचीही गरज पडत नाही. कंपनीचा संगणक अभेद्य राहतो, आणि गुंगीत, घाईत किंवा लोभात असलेला खातेदार पेटी उचलून देतो. नाटकात पुढे जे घडते तेही ध्यानात घेण्यासारखे आहे : चोरी झाली हे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, या भीतीने चारुदत्त ती ठेव आपण जुगारात हरल्याचा निरोप धाडतो. फसवला गेलेला माणूस खरे सांगण्याऐवजी आपल्यावर दुसरा दोष ओढवून घेतो, ही गोष्ट मुलांच्या बाबतीत आजही घडते.

आभासी वस्तूंना मोल आहे हे चोरांनी कायद्याच्या कितीतरी आधी ओळखले. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या सेवेची मालक असलेल्या वाल्व कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये असे जाहीर केले की, दरमहा सुमारे ७७,००० खाती पळवली आणि लुटली जात आहेत. खेळातील वस्तूंची खरेदी-विक्री सुरू झाल्यापासून ही चोरी कुशल टोळ्यांचा धंदा बनली आहे, असे तिचे निरीक्षण होते. न्यायालये हळूहळू त्या वाटेने गेली. २००३ मध्ये बीजिंगच्या एका न्यायालयाने खेळाडूचा चोरीला गेलेला आभासी ऐवज परत देण्याचा आदेश खेळ चालवणाऱ्या कंपनीला दिला. नेदरलँड्समध्ये दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून त्याच्या रुनस्केप या खेळातील ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात वळवून घेतले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१२ रोजी ही चोरीच होय असा निर्णय दिला. वस्तू मिळवण्यासाठी मुलाने घातलेला वेळ आणि श्रम यांमुळे तिला मोल येते, आणि तिच्यावरील ताबा त्याच्याकडून काढून घेतला गेला, हा त्या निर्णयाचा आधार होता. मुलाचे श्रम मोजणारा तो निर्णय या पुस्तकाच्या दृष्टीने मैलाचा दगड आहे.

भारतीय कायद्यातील स्थिती समजली जाते तितकी दुबळी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा अन्य ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे, आणि कलम ६६डी नुसार संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गेलेली वस्तू आभासी आहे की खरी, हा प्रश्न या कलमांत उद्भवतच नाही. त्याहून सूक्ष्म बदल १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत झाला. जुन्या दंडसंहितेतील जंगम मालमत्तेची व्याख्या ‘मूर्त’ वस्तूंपुरती मर्यादित होती. नव्या संहितेत तो शब्द गळला असून, जमीन आणि जमिनीला जखडलेल्या वस्तू वगळता प्रत्येक प्रकारची मालमत्ता तीत येते. खेळातील ऐवजाची चोरी ही संहितेच्या अर्थाने चोरी ठरावी, या युक्तिवादाला त्यामुळे पूर्वी नसलेला आधार मिळाला आहे. ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व नियमन करणाऱ्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली, परंतु ई-क्रीडा आणि मनोरंजनाचे खेळ यांना मान्यता दिली. ‘खेळ म्हणजे जुगार’ असे म्हणून तक्रारदाराला परत पाठवण्यास आता काहीही आधार उरलेला नाही.

जुगार आणि खेळ यांची सरमिसळ होण्यास मात्र खरी कारणे आहेत, आणि उज्जैनने ती पाहिलेली आहेत. जून २०२४ मध्ये येथील पोलिसांनी ऑनलाइन क्रिकेट सट्ट्याच्या अड्ड्यांवर छापे घालून चौदा कोटी रुपयांहून अधिक रोकड जप्त केली. अशा धंद्यांचे पैसे ज्या भाड्याच्या बँकखात्यांतून फिरतात, त्याच प्रकारच्या खात्यांतून खेळाच्या आयडीचे लुबाडलेले पैसेही फिरतात. थोड्या मोबदल्यासाठी आपले खाते दुसऱ्याला वापरू देणारा तरुण दोन्हीकडे सापडतो. एखाद्या मुलाचे आठशे रुपये गेल्याची तक्रार क्षुल्लक वाटली, तरी ज्या खात्यात ते गेले तेथे तशाच शेकडो रकमा जमा झालेल्या असू शकतात, आणि तो धागा त्या एका तक्रारीवाचून हाती लागत नाही.

संरक्षणाच्या साधनांविषयी पुस्तकात तपशीलवार विवेचन येणार असल्याने येथे त्यांची तत्त्वेच सांगितली आहेत. दुहेरी पडताळणी म्हणजे पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागणे. एसएमएसने येणारा ओटीपी हा त्यातील सर्वांत परिचित प्रकार, परंतु बनावट पान तो मागून घेऊन त्याच क्षणी खऱ्या ठिकाणी वापरू शकते, आणि सिमकार्डाची फसवून दुसरी प्रत काढणाऱ्याकडे तो आपोआप जातो. फोनमधील पडताळणी ॲप दर तीस सेकंदांनी नवा अंक तयार करते; ते सिमवर अवलंबून नसते, तरी तो अंकही माणूस भलत्या पानावर टाइप करू शकतो. ‘पासकी’ ही त्यापुढची पायरी होय. तीत फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली केवळ मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशीच जुळते, म्हणून दिसायला हुबेहूब असलेल्या बनावट पानावर ती चालतच नाही, मग वापरणारा कितीही बेसावध असो. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही सोय मे २०२३ मध्ये सुरू केली. खेळाचे खाते ज्या गूगल खात्याला बांधलेले आहे त्याला पासकी लावणे, हा सध्या उपलब्ध असलेला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणावा लागेल. याला एक मोठा अपवाद आहे : फोनमध्ये परक्या एपीकेला ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही परवानगी, म्हणजे पडदा वाचण्याची आणि बोटाऐवजी स्वतः दाबण्याची मुभा दिली असेल, तर कोणतेही कुलूप पुरे पडत नाही.

साधनांइतकेच घरातले वातावरण महत्त्वाचे आहे. जुलै २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूर येथे तेरा वर्षांच्या एका मुलाने, आईच्या खात्यातील सुमारे चाळीस हजार रुपये खेळात गेल्यानंतर, आपले जीवन संपवले. ती घटना फसवणुकीची म्हणून नोंदली गेली नव्हती आणि तिचे एकच कारण सांगणे अन्यायाचे होईल. तथापि पैसे गेल्यावर मुलाच्या मनावर येणारे ओझे किती असू शकते, याकडे ती दुर्लक्ष करू देत नाही. मुलाने येऊन सांगितले त्या क्षणी रकमेची चर्चा न करता आधी खाते वाचवण्याच्या कामाला लागणे, हे कोणत्याही तांत्रिक उपायाच्या आधी यावे लागते. वेळेचे गणितही तेच सांगते. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता वाढते; रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान त्याच्या माथी येत नाही; आणि गूगल खात्याचा पुनर्प्राप्तीचा फोन चोराने बदलला असला, तरी साधारण सात दिवस जुन्या क्रमांकाचा उपयोग होऊ शकतो. रागावण्यात गेलेला दिवस या मुदतींतून वजा होतो.

पोलिसांकडे किंवा कंपनीकडे जाताना काय हाती असावे, हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोठेही घडलेला असो, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. त्यामुळे ठग झारखंडात आहे की राजस्थानात, हे उज्जैनच्या पालकाने शोधत बसण्याचे कारण नाही. परंतु खाते आपले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येतेच. खेळाडूचा ओळखक्रमांक, खाते उघडल्याचा अंदाजे महिना, ते कोणत्या ईमेलला बांधले आहे, पहिल्यांदा कोणत्या फोनवर उघडले, गूगल प्लेवरून आलेल्या खरेदीच्या पावत्या, यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भक्रमांक आणि ठगाच्या पानाचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट, एवढ्या गोष्टींवर खेळ कंपनीचा मदतकक्ष आणि तपास अधिकारी दोघेही काम सुरू करू शकतात. यांपैकी निम्म्याहून अधिक माहिती खात्याच्या आतच असते आणि खाते गेल्यानंतर ती पाहता येत नाही. म्हणून गॅसचा ग्राहक क्रमांक आणि विजेच्या बिलाचा क्रमांक ज्या वहीत लिहून ठेवलेला असतो, त्याच वहीच्या एका पानावर, खाते हाती असतानाच, मुलाच्या अक्षरात ही माहिती लिहून घ्यावी. पासवर्ड तेवढा त्या पानावर लिहू नये.